घशांतील चिकटा

घशाशीं कांहींतरी अडकल्यासारखें वाटतें, खाकरलें तरी सुटत नाहीं, ही तक्रार मोठ्या कुटुंबांत एकाची तरी असतेच. पहांटे मोरीपाशीं वडीलधाऱ्यांचें खाकरणें हा कित्येक घरांतला गजरच होय! ‘कफप्रकृति’ एवढें म्हणून आपण मोकळे होतों. पण तें निदान नव्हे.

वस्तुतः श्लेष्मा हा शत्रु नाहीं. निरोगी माणसाच्या नाकांत व लगतच्या पोकळ्यांतहि तो दिवसाकाठीं सुमारें १ लिटर तयार होतो, आणि आपण तो नकळत गिळून टाकतों. तो दाट झाला, वाढला अथवा घसाच हुळहुळा झाला, म्हणजे जाणवूं लागतो. धुळीचें वावडें, सायनसची जुनाट सूज, तंबाखू, तपकीर व धूर हीं परिचित कारणें. परंतु एक कारण सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, तें पोटांतील आम्लाचें. छातींत जळजळ मुळींच नसतांहि हें आम्ल रात्रीं घशापर्यंत चढूं शकतें. दहा वाजतां भरपेट जेवून लागलीच आडवें होण्याची पद्धत ज्या घरीं आहे, तेथें औषधाच्या बाटलीपूर्वीं जेवणाची वेळ बदलावी. जेवण व निजणें यांत तीन तासांचें अंतर ठेवावें. पलंगाच्या उशाकडील पायांखालीं विटा घालून ती बाजू सहा इंच उंच करावी. नुसत्या जादा उशांनीं मान तेवढी दुखते.

पुनःपुन्हां खाकरणें हा तर रोगास खतपाणी घालण्याचाच प्रकार. त्यानें स्वरयंत्राच्या पट्ट्या एकमेकींवर आपटून सुजतात व चिकटा अधिकच जाणवतो. खाकरावेसें वाटतांच कोमट पाण्याचा घोट घ्यावा, किंवा नुसता आवंढा गिळावा. पेलाभर कोमट पाण्यांत अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्यांनींहि आराम पडतो. दुधानें कफ वाढतो ही समजूत मात्र प्रयोगांत टिकलेली नाहीं. दुधाचा दाटपणा जिभेवर क्षणभर राहतो, इतकेंच. मुलांचें दूध त्यापायीं तोडूं नये.

जलनेति उपयुक्त आहे, पण पाणी उकळून निववलेलेंच हवें. नळाच्या कच्च्या पाण्यांतून क्वचित् प्राणघातक अमीबा नाकावाटे मेंदूंत शिरतो. मीठ लिटरला ९ ग्रॅम. नाक मोकळें करणारे थेंब पांच दिवसांपलीकडे घालूं नयेत. मग ते सोडतांच नाक पूर्वींहून अधिक चोंदतें.

वडील मंडळी “आमचा हा जुनाच कफ” म्हणून तपासणी टाळतात, आणि सुना भिडेस्तव गप्प राहतात. ही भीड महागांत पडते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असणें, थुंकींत रक्त, गिळतांना अडथळा, कारणावांचून वजन घटणें, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र पाहून घ्यावें. खोकला दोन आठवड्यांवर गेल्यास क्षयासाठीं थुंकी तपासावी. सरकारी रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते.