वसईतली पहिली मिस्सा

मंडळी, मुंजीतलं मातृभोजन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. बटूनं आईच्या ताटात जेवायचं ते शेवटचं, पुढे तो गुरूघरचा. हल्ली बटू दुसऱ्या दिवशी आईकडेच पिझ्झा मागतो, ते सोडा! पण मागच्या भारतभेटीत वसईला आम्ही याच्या उलटा प्रसंग पाहिला. तिथे मुलानं आईला घास दिला, आणि मुलगा खरोखरच घरचा उरला नाही.

झालं असं, की आमच्या हॉस्टेलमधल्या एका मित्राचा पुतण्या कॅथलिक धर्मगुरू झाला. त्याच्या पहिल्या मिस्सेचं आमंत्रण आलं, म्हणून आम्ही सहकुटुंब गेलो. पोरगा आमच्याच शाखेचा, मेकॅनिकल इंजिनीअर. चांगली नोकरी सोडून सेमिनरीत गेलेला. चर्चच्या नियमाप्रमाणे तत्त्वज्ञानाची २ आणि ईश्वरविज्ञानाची ४ अशी किमान ६ वर्षं शिकावं लागतं; प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतात. आमचं एम.एस. दीड वर्षात आटोपलं होतं आणि तेवढ्यातच आम्ही टेकीला आलो होतो!

गुरुदीक्षा बिशप देतात. उमेदवार वेदीसमोर जमिनीवर पालथा पडतो आणि जमलेले लोक संतांची नावं घेत त्याच्यासाठी प्रार्थना करतात. मग बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवतात, तळहातांना पवित्र तेल लावतात. त्याच मिस्सेत तो बिशपांच्या बरोबरीनं वेदीपाशी उभा राहतो. पण आपल्या गावच्या चर्चमध्ये, आपल्या माणसांसमोर, स्वतः प्रमुख होऊन तो जी अर्पण करतो, ती ‘पहिली मिस्सा’.

आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. प्रार्थना मराठीत, गाणी मराठीत, प्रवचन मराठीत. आमच्या कन्येनं हळूच विचारलं, “बाबा, धिस इज मराठी?” आता हिला काय सांगणार! वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९. त्या काळात इथल्या लोकांचा धर्म बदलला, पण बोली घरातच राहिली. मित्राच्या घरी आजही सामवेदी बोलतात. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते छापलं गेलं १६१६ साली. मिस्सा मात्र पुढेही कित्येक पिढ्या लॅटिनमध्येच चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषांना दार उघडलं आणि मग वेदीवर मराठी आली.

ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली. तो कॅथलिकांसाठी असतो, त्यामुळे आम्ही जागेवरच थांबलो. रांगेत सगळ्यांच्या पुढे आई होती. मुलानं भाकर उचलून म्हटलं, “ख्रिस्ताचे शरीर.” आई म्हणाली, “आमेन.” एवढंच. पण त्या पोराचा आवाज तेवढ्यापुरता अडकला, आणि आमच्या सौ.ला पर्समध्ये रुमाल सापडेना.

मिस्सा संपल्यावर लोक एकेक करून त्याच्या तळहातांचं चुंबन घेऊ लागले. एक जुनी रीत मित्रानं सांगितली. दीक्षेच्या वेळी तळहातांचं तेल ज्या कापडानं टिपतात, ते आईला देतात. ती ते जन्मभर जपते आणि तिच्या मृत्यूनंतर ते तिच्या हातात ठेवून तिला निरोप देतात. पुष्कळ ठिकाणी आजही ही रीत पाळतात. इथेही ते कापड आईकडे होतं, घडी करून, पेटीत.

मांडवात जेवताना वहिनी, म्हणजे मुलाची आई, शेजारी येऊन बसल्या. आम्ही आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, “वहिनी, एकुलता एक मुलगा देवाला दिलात. मोठं मन लागतं.”

त्या म्हणाल्या, “मन कसलं मोठं, भाऊजी! दीड वर्ष मी त्याच्याशी धड बोलले नव्हते. वाडी कोण बघणार, म्हातारपणी आमचं कोण करणार, सगळं डोक्यात यायचं.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि तुमच्या आईनंही दिलंच की तुम्हाला, अमेरिकेला. तिला कुणी रांगेत पहिलं उभं केलं?”

मंडळी, यावर आम्ही काय बोलणार? आम्ही पुढ्यातल्या पानाकडे बघत राहिलो. सौ.नंही तो विषय तिथेच राहू दिला.

निघताना त्या तरुण फादरना आम्ही विचारलं, पुढे कुठे? “बिशप पाठवतील तिथे,” ते म्हणाले. आता अमेरिकेतल्या कितीतरी पॅरिशमध्ये भारतातून आलेले धर्मगुरू काम करतात. रविवारची मिस्सा ते इंग्रजीत म्हणतात, आणि संध्याकाळी रिकाम्या घरात एकटे जेवतात. त्यांच्यातला एखादा वसईचा निघायचा. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२४ साली ते गेले. मराठीचा तो धागा इथल्या चर्चपर्यंतही पोचलेला असू शकतो.

तेव्हा आमची एक सूचना. आपल्या गावच्या चर्चमध्ये कुणी डिमेलो, लोपीस किंवा तुस्कानो नावाचे फादर असतील, तर एकदा फोन करून मराठीत बोलून बघा. जमलं तर गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधीच, एखाद्या साध्या मंगळवारी, जेवायला बोलवा. वरणभात चालेल. त्यांची आई दूर आहे, हे आपल्याइतकं इथे दुसऱ्या कुणाला कळणार?

वहिनींनी बांधून दिलेली सुकेळी आमच्याकडे अजून थोडी शिल्लक आहेत. ती आम्ही त्या पाहुण्यासाठी ठेवली आहेत.