पाहुणे खेळाडू

जुलै लागला की पुणे-नाशिक रस्त्यावर कळंबच्या थांब्याला एक ठरावीक पिशवी दिसू लागते. लांबोडकी, खांद्यावर टाकलेली, चेन अर्धी तुटलेली. आत बूट, नीकॅप, टॉवेल आणि प्लास्टिकच्या फाइलमध्ये शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जिल्हा कबड्डी स्पर्धेची चार प्रमाणपत्रं. बारावी झालेला पोरगा पुण्याच्या गाडीची वाट बघत उभा असतो. प्रवेश कॉमर्सला मिळालेला असतो, पण कॉमर्सबद्दल त्याला कोणी काही विचारलेलं नसतं. विचारलेलं असतं ते एवढंच : वजन किती भरतं, आणि कोपरा डावा की उजवा? पोरानेही आदल्या दिवशी मंचरच्या बाजारात कांद्याच्या पिशव्या मोजायच्या काट्यावर उभं राहून वजन बघून घेतलेलं असतं.

गाडी सुटते आणि मागे पारावर एकच शब्द उरतो, ‘पळवला’.

बुधवार असो की रविवार, १५ जुलैला महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो. शंकरराव तथा बुवा साळवी यांचा हा जन्मदिवस. मातीतला हुतूतू नियमांच्या चौकटीत बसवून देशभर नेण्यात बुवांचं आयुष्य गेलं. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि भारताने पहिलंच सुवर्ण घेतलं. कबड्डी दिनी मैदानावर नारळ फुटतात, प्रतिमेला हार पडतो, जुन्या खेळाडूंना शाल मिळते. नेमक्या त्याच आठवड्यात कॉलेजांच्या प्रवेशाची धावपळ चालू असते आणि चांगल्या चढाईपटूंच्या घरी फोन खणखणत असतात. शाल आणि फोन या दोन गोष्टींचा एकत्र विचार मात्र कोणी करत नाही.

पळवला म्हणजे काय? पोराला कोणी पोत्यात घालून नेलेलं नाही. तो स्वतःच्या पायांनी गाडीत चढला. शहरातल्या कॉलेजचा संघ बलवान, म्हणून विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची शक्यता जास्त. विद्यापीठातून खेळला तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र वरच्या दर्जाचं असेल तर सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाकडे बघता येतं. पोलीस, रेल्वे, एखादी बँक. दोन एकर कोरडवाहू आणि वर थोडा कांदा असलेल्या घरात हे गणित कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. पूर्वी मुंबईच्या कंपन्यांचे संघ असंच करायचे. गिरणगावातल्या आणि कोकणातल्या मंडळांची किती पोरं महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियमच्या जर्सीत गेली. त्यांना कोणी गद्दार म्हटलं नाही, कारण जर्सीबरोबर पगार आला होता.

आणि आपल्या भागाला ही देवघेव नवी थोडीच आहे? सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना वाट मोकळी केल्यापासून बैलगाड्याचे घाट पुन्हा गजबजले. बैल कुठल्या गावाहून कुठल्या गावाला कितीला गेला, हे आंबेगाव-जुन्नरात लहान पोरंही सांगतात. नव्या मालकाच्या गाड्याला जुंपलेला बैल जुन्या गावाच्या घाटात बारी मारून गेला तर टोप्या दोन्ही गावच्या उडतात. बैलाला निष्ठा विचारत नाहीत. अठरा वर्षांच्या पोराला विचारतात.

शेजारचं नारायणगाव तर तमाशाची पंढरी. तिथल्या फडांत कलावंताला हंगामाआधी उचल मिळते आणि दुसऱ्या फडात जायचं तर ती आधी फेडावी लागते. ऊसतोड मजुराचं मुकादमाशी तेच. ही पद्धत चांगली म्हणण्याचं कारण नाही; उचलीपायी कैक आयुष्यं गहाण पडली. पण त्यात एक गोष्ट असते : वही. रक्कम किती, कुणाला दिली, कधीपर्यंत, हे कुठेतरी लिहिलेलं असतं. कॉलेजच्या खेळाडूच्या व्यवहाराला वहीच नाही. फी माफ, होस्टेलला कॉट, मेसचे निम्मे पैसे, वर्षाला एक किट, हे सगळं फोनवर ठरतं. ‘सर बोललेत’ हा त्याचा एकमेव पुरावा. सरांची बदली झाली, किंवा पोराचा गुडघा दुसऱ्या वर्षी गेला, की तो पुरावाही जातो. लिगामेंटच्या ऑपरेशनला बाप पतसंस्थेच्या दारात उभा राहतो आणि पोरगा सुट्टीला म्हणून येतो तो येतोच.

असल्या प्रश्नाने अमेरिका पार हैराण झाली आहे. तिथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे आपण खेळतो ते नव्हे. चेंडू काखेत घेऊन धावायचं आणि समोरच्यांनी कमरेला, पायाला मिठी मारून पाडायचं. धरपकड बघितली तर ते कबड्डीच्याच कुळातलं वाटतं. तिथे वर्षानुवर्षं नियम असा होता की खेळाडूने कॉलेज बदललं तर एक वर्ष त्याने बाहेर बसायचं. नव्या कॉलेजशी बोलायलाही जुन्या प्रशिक्षकाची परवानगी लागे. प्रशिक्षक स्वतः मात्र जास्त पगार मिळाला की रातोरात निघून जायला मोकळे. १५ ऑक्टोबर २०१८ पासून खेळाडूने एका सामायिक यादीत नाव घालायचं आणि हवं त्या कॉलेजशी बोलायचं, अशी सोय झाली. २०२१ साली एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, वर्ष न गमावता कॉलेज बदलता येऊ लागलं. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले, आणि २०२५ च्या जुलैपासून कॉलेजांनीच त्यांना थेट पैसे द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी एका कॉलेजसाठी सगळ्या खेळांत मिळून मर्यादा होती सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची; रुपयांत पावणेदोनशे कोटींच्या घरात. आता तिकडचे जुने रसिक कुरकुरतात की दरवर्षी संघात नवीनच चेहरे, ओळख ठेवायची कोणाची? कुरकुर खरी आहे. पण ती करणाऱ्यांनी खेळाडू वर्षभर बाकावर बसायचा तेव्हा तोंड उघडलं नव्हतं.

तिथलाच एक खेळाडू जो बरो. ओहायोच्या अथेन्स परगण्यात, गरीब भागात वाढलेला. ओहायो स्टेटमध्ये संधी मिळेना म्हणून २०१८ मध्ये दूर लुइझियानाला गेला, आणि पुढच्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन किताब त्याला मिळाला. स्वीकाराच्या भाषणात त्याला आठवली ती गावाकडची उपाशी झोपणारी पोरं. त्यानंतर अथेन्सच्या मोफत धान्य वाटणाऱ्या संस्थेकडे काही दिवसांत पाच लाख डॉलरपेक्षा जास्त देणगी गोळा झाली. जर्सी लुइझियानाची, आठवण अथेन्सची.

आपल्याकडेही वरच्या मजल्यावर उजेड पडलाच आहे. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली आणि चढाई-पकडीला भाव आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड भागातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडे ३६ लाख ४० हजारांना गेला आणि एकाच हंगामानंतर तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. इराणच्या महंमदरेझा शादलूला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले. १ मार्च २०२४ रोजी पुण्याने पहिल्यांदा विजेतेपद पटकावलं ते हरयाणा स्टीलर्सला हरवून. पुढच्या हंगामात शादलू त्याच हरयाणाकडे गेला आणि डिसेंबरात आपल्या बालेवाडीच्याच मैदानावर हरयाणाला चषक जिंकून दिला. पुणेकरांनी हळहळ व्यक्त केली, थोडा उद्धार केला, आणि पुढच्या लिलावात आपण कोणाला घ्यावं यावर वाद सुरू केला. लिलावात आकडा सगळ्यांसमोर असतो, म्हणून रागालाही मर्यादा राहते.

पुणे-नाशिक रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट तर याहून बोलकी. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या महिला संघाला घडवलं आणि २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्या संघाने भारतालाच अंतिम फेरीत हरवून सुवर्ण नेलं. त्या दिवशी काही जणांनी दात-ओठ खाल्ले. पण आयुष्यभर शिकवलेली बाई जिथे कदर झाली तिथे शिकवायला गेली, यात चुकलं काय?

मुलींच्या बाबतीत तर ‘पळवली’ म्हणायचीही वेळ फारशी येत नाही. २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली, पण ती पुढे चालली नाही. पुण्याची स्नेहल शिंदे हांगझोच्या आशियाई सुवर्णविजेत्या संघात होती, तरी गावाकडच्या मुलीला फोन आला की घरात पहिला प्रश्न होस्टेलच्या दाराला कुलूप कधी लागतं हाच असतो.

मागणी फार मोठी नाही. एक कागद हवा. काय देणार, किती वर्षं देणार, दुखापत झाली तर कोण बघणार, मध्येच सोडायचं तर कसं. खाली पोराची, पालकाची आणि प्राचार्यांची सही. दुसरी गोष्ट दाखल्याची. खेळाडू जाऊ नये म्हणून मूळ कागद कपाटात दाबून ठेवायचे, हा प्रकार गावात आणि शहरात दोन्हीकडे चालतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला मनाई केली आहे. तो नियम पीटीच्या सरांच्या टेबलावर काचेखाली ठेवायला हरकत नाही.

आणि गावच्या मंडळाचं काय? ज्यांनी सातवीतल्या पोराला संध्याकाळी मैदानावर पाणी मारायला लावलं, हाफपँट घेऊन दिली, जत्रेच्या सामन्याला टेम्पोत बसवून नेलं, त्यांच्या हाती एक फोटो राहतो, तोही देवळातल्या ट्यूबलाइटखाली पिवळा पडलेला. जागतिक फुटबॉलमध्ये खेळाडूची बदली पैशाने झाली की रकमेचे पाच टक्के, तो बारा ते तेवीस वयात जिथे जिथे शिकला त्या क्लबांना वाटले जातात. आपल्याकडे पाच टक्के म्हटलं की फक्त नोकरी आठवते. लिलावातल्या कोट्यवधींतून अशा मंडळांना मॅटचे चार तुकडे मिळाले तरी कळंबसारख्या गावात पावसाळ्यात सराव बंद पडणार नाही. हे प्रो कबड्डीच्या संघमालकांना जड नाही आणि राज्य संघटनेला अवघड नाही. पारावरच्या मंडळींनाही राग काढायला मग योग्य पत्ता मिळेल.

आता गाडी चाकण ओलांडून गेली असेल. हिवाळ्यात विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धा होतील. पुणे शहराच्या संघात निवड झाली तर समोर कधीतरी पुणे जिल्हा येणार. त्या संघात डाव्या कोपऱ्याला कळंबचाच एक जण असेल, सातवीपासून बरोबर पाणी मारलेला. बोनस घेताना गाडीतला हा गडी उजवा खांदा आधी पाडतो, मग पाय टाकतो, हे शहरातल्या कुठल्या सरांना अजून कळलेलं नसेल. त्याला ठाऊक आहे.