गांजाला 'उत्तेजक' म्हणू नका

संपादक महोदय,


'उत्तेजक चाचणीत खेळाडू दोषी' हा मथळा क्रीडा पानावर वर्षातून कितीदा तरी येतो. त्याखाली कधी स्टेरॉइडची सुई टोचून घेतलेला असतो, तर कधी गांजा ओढलेला. मथळा मात्र दोघांना एकच. माझी तक्रार या एका शब्दाबद्दल आहे.

उत्तेजक म्हणजे अंगात नसलेली ताकद आणणारे. गांजाने ताकद येत नाही. हातपाय सैल पडतात, अंदाज चुकतो. मी कबड्डीत वीस वर्षे डावा कोपरा खेळलो. चढाईपटूच्या घोट्यावर झडप घालायची ती अर्ध्या पावलाच्या अंदाजावर, आणि चढाई करायची तर छातीत दम हवा. गांजा ओढून सामना मारलेला गडी मी अजून पाहिलेला नाही.

शब्दाने काय होते ते आमच्या मंडळात पाहिले. एक चपळ चढाईपटू होता. गुडघ्याचे लिगामेंट फाटले आणि सहा महिने पोरगा चाळीच्या गॅलरीत पाय लांब करून बसून राहिला. गांजा तिथेच हातात आला. गुडघा बरा होऊन तो संघात परतला आणि एका संध्याकाळी व्यायामशाळेच्या मागे ओढताना सापडला. फळ्यावर खडूने लिहिलेल्या बारा नावांतले त्याचे नाव एका कार्यकर्त्याने सगळ्यांसमोर तळहाताने पुसले. तिथे पांढरा डाग राहिला. स्पर्धा संपेपर्यंत त्या जागी दुसरे नाव कुणी लिहिले नाही. 'डोप घेतो' अशी बोलवा लालबागपासून परळपर्यंत झाली. हा गांजाकडे का वळला, हे कुणी विचारले नाही. मीही तिथे उभा होतो आणि गप्प राहिलो. त्याची बोच अजून आहे.

जागतिक नियम आपल्यापेक्षा समंजस निघाले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 'वाडा'ने 2013 मध्ये गांजासाठीची मर्यादा एक मिलिलीटर लघवीमागे 15 वरून 150 नॅनोग्रॅम केली. 2021 पासून, सामन्याच्या काळाबाहेर आणि खेळाशी संबंध नसताना गांजा घेतल्याचे खेळाडूने सिद्ध केले तर बंदी तीन महिन्यांची. मान्य उपचार पूर्ण केले तर एकच महिना. आपल्या क्रिकेटपटू पृथ्वी शॉला 2019 मध्ये खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटलीनमुळे आठ महिन्यांची बंदी झाली. त्याच्याबद्दल दादरच्या मैदानांवर सगळे हळहळले, आणि ते योग्यच होते. पण नियमाच्या तराजूत ज्या चुकीचे वजन त्याहून कमी, तिच्यासाठी आपण पोराला वाळीत टाकतो.

अमेरिकेची धावपटू शाकॅरी रिचर्डसन आईच्या मृत्यूची बातमी कळल्यावर गांजा ओढून बसली. एका महिन्याच्या बंदीत तिची टोकियो ऑलिंपिकमधली 100 मीटरची शर्यत गेली. 2023 मध्ये बुडापेस्टला तीच 10.65 सेकंदांत जगज्जेती झाली. तिला परतायला वाट ठेवली होती म्हणून हे घडले. आमच्या पोराला ती कुणी ठेवली?

दारूचे बघा. 2018 मध्ये 'वाडा'च्या यादीतून दारू निघाली. आयपीएलमधल्या एका संघाचे नाव तर दारूच्या ब्रँडवरून आहे, आणि तो संघ आपण घरच्यांसोबत बसून पाहतो. गिरणगावातल्या किती घरांचा पगार गुत्त्यावर गेला, हे माझ्या पिढीला सांगावे लागत नाही. तरी पिणाऱ्या खेळाडूला 'जरा घेतो' एवढेच म्हणतात.

गांजाची भलामण मी करत नाही. तो बाळगणे आणि ओढणे 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि सामन्याच्या दिवशी तर बंदी हवीच. बधिर झालेल्या गड्याची पकड चुकली तर समोरच्याची मान मोडू शकते. पण आमच्या पोरांना हेही सांगायला हवे की महाशिवरात्रीला किंवा होळीला घेतलेल्या भांगेतही तोच अंमली घटक असतो. नुसत्या पानांची भांग त्या कायद्याच्या गांजाच्या व्याख्येत येत नाही, हा बचाव चाचणीपुढे चालत नाही. सवय असलेल्याच्या लघवीत तो अंश काही आठवडे राहतो. स्पर्धांचा हंगाम नेमका या सणांच्याच दिवसांत असतो आणि एकाही मंडळाच्या फळ्यावर हे लिहिलेले मी पाहिले नाही. आणि सवय सोडवायचे म्हणाल तर केईएम रुग्णालयाचा मानसोपचार विभाग लालबागपासून चालत जाण्याएवढा जवळ आहे. आमच्या त्या चढाईपटूला तिथे न्यायला मंडळाचा एक माणूस पुरेसा होता.

आपणाकडे मागणे छोटे आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली की मथळ्यात पदार्थाचे नाव आणि बंदीचे महिने छापा, आणि तो गांजा असेल तर 'उत्तेजक' हा शब्द गाळा. आमच्याकडे व्यायामशाळेत सकाळी पहिल्यांदा क्रीडा पान उघडते. मथळा वाचून पुढे काय करायचे ते तिथेच ठरते.

आपला,
एक माजी कबड्डीपटू, लालबाग