लाइट गेली, सर्व्हरला झोपवणार कोण?

सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती विचारते, "आमच्या शाळेतल्या सर्व्हरला यूपीएस आहे. मग लाइट गेली तर काळजी कसली?"

काळजी आहे! यूपीएसची बॅटरी म्हणजे माठातलं पाणी. थोडा वेळ पुरतं, मग संपतं. रात्री शाळेत कुणी नसताना ते संपलं, तर सर्व्हर लिहिता लिहिता मध्येच बंद पडतो. म्हणून यूपीएस आणि सर्व्हर यांच्यात यूएसबीची वायर जोडतात. लिनक्सवर 'एपीसीयूपीएसडी' नावाचा छोटा प्रोग्रॅम रखवालदारासारखा जागा असतो. तो सारखा विचारतो : लाइट आहे का? बॅटरी किती टक्के? अजून किती मिनिटं?

सर्व्हर कधी बंद करायचा, ते एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. त्यात काही आकडे आधीपासूनच असतात. 'ऑनबॅटरीडिले' 6, म्हणजे लाइट नुसती लुकलुकली तर 6 सेकंद गप्प बसायचं. 'बॅटरीलेव्हल' 5, म्हणजे 5 टक्के उरली की बंद. 'मिनिट्स' 3, म्हणजे 3 मिनिटांपुरती उरली की बंद. 'टाइमआउट' 0, म्हणजे ही अट लागू नाही. तिथे 60 लिहिलं, तर बॅटरी भरलेली असली तरी लाइट गेल्यावर 60 सेकंदांनी सर्व्हर आवरायला घ्यायचा. यातलं जे आधी घडेल ते खरं.

आता माझी फजिती ऐका. एका शाळेच्या ग्रंथालयाचा सर्व्हर मीच बसवून दिला आणि हे आकडे तसेच ठेवले. पाच वर्षं काही झालं नाही. मग एका वळवाच्या पावसात लाइट गेली. यूपीएस सांगत होता 20 मिनिटं, आणि पाचव्या मिनिटाला सगळं काळोखात! शिशाची बॅटरी थकली की तिचा अंदाज असा फसवतो. आधी टक्के हळूहळू उतरतात, मग एकदम कोसळतात. 5 टक्क्यांची वेळ आलीच नाही. त्या दिवसाच्या पुस्तकांच्या नोंदी बाईंनी आणि दोन मुलींनी कार्डं बघून पुन्हा भरल्या. मी मान खाली घालून उभा!

दुसऱ्या दिवशी आम्ही घड्याळ लावून सर्व्हर बंद केला. अडीच मिनिटं लागली. म्हणून नवी बॅटरी येईपर्यंत 'टाइमआउट' 60 केला. बॅटरी आल्यावर तो पुन्हा 0, 'बॅटरीलेव्हल' 50 आणि 'मिनिट्स' 10. लोभ कशाला? लाइट नसताना रात्री पुस्तकं कोण नेणार आहे!

मग परीक्षा घेतली. सर्व्हर थेट भिंतीच्या सॉकेटवर, यूएसबीची वायर तशीच, आणि यूपीएसवर त्याच्याऐवजी 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब. यूपीएसचा प्लग उपटायचा नाही हं, अर्थिंग तुटतं. बोर्डावरचं बटण बंद करायचं, तेही सरांच्या समोर. थोड्या वेळाने सर्व्हर शहाण्यासारखा आपोआप बंद झाला. बल्ब मात्र जळतच होता. तो विझेपर्यंत मुलींनी मिनिटं मोजली, आणि तो आकडा तारखेसह यूपीएसवर चिकटवला.

लाइट परत आल्यावर झोपलेला सर्व्हर आपला आपण कसा उठतो, ते पुढच्या आठवड्यात.