सनरूफ आहे, टायरचं काय?

गाडी घेताना मी शोरूममध्ये काय काय विचारलं होतं, त्याची लिस्ट परवा जुन्या डायरीत सापडली. सनरूफ आहे का? टचस्क्रीन किती इंचांची? एअरबॅग्ज किती? ब्लूटूथला एका वेळी दोन फोन जोडता येतात का? मागच्या सीटला एसी आहे का? डिकीत दोन मोठ्या बॅगा मावतात का? एकूण सतरा प्रश्न. टायरबद्दल एकही नाही. तुम्ही तरी विचारला होता का? खरं सांगा!

आणि विचारायचं तरी काय? टायर म्हणजे काळे, गोल आणि गाडीबरोबर फुकट येणारे. (फुकट काही येत नाही, पण ईएमआय भरताना तसंच वाटतं.)

आमची ही एसयूव्ही २०२१ च्या जानेवारीतली. बाणेर ते हिंजवडी रोजचं ऑफिस, आणि वीकएंडला जमेल तसं कोकण नाहीतर मुंबई. टायरबद्दलची कुरकुर पहिल्या वर्षापासूनच होती. एक्सप्रेस-वेच्या काँक्रीटवर गाडी चढली की असा आवाज, जणू मागच्या सीटवर कुणीतरी मिक्सर लावून बसलंय. पावसात सिग्नलवरून निघताना पुढची चाकं जागच्या जागी फिरायची. मी म्हणायचे, डिझेल आहे, टॉर्क जास्त आहे. नवरा म्हणायचा, तुझा पाय जड आहे. वाद तिथेच संपायचा. गाडी ऐटीत दिसत होती ना, मग बास.

२०२५ च्या जुलैत आईला घेऊन मावशीकडे दादरला निघाले होते. आई मागे, मांडीवर अळूवड्यांचा स्टीलचा डबा. कामशेतच्या अलीकडे पाऊस एकदम वाढला. स्पीड नव्वदच्या आसपास, म्हणजे त्या पट्ट्यातल्या शंभरच्या लिमिटच्या आतच. उजव्या लेनमध्ये पाणी साचलेलं दिसलं आणि पुढच्या क्षणाला स्टिअरिंग हलकं झालं. हलकं म्हणजे कसं सांगू... जिन्यात शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं. गाडी माझी उरली नव्हती. ती आपल्या मनाने तिरकी होत डाव्या लेनकडे निघाली, आणि डाव्या लेनमध्ये ट्रेलर होता.

अशा वेळी काय करायचं ते मला आता पाठ आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ब्रेकवर उभं राहायचं नाही, टायरला रस्ता परत सापडेपर्यंत दम धरायचा. तेव्हा मी यातलं काहीही केलं नाही. मी ब्रेक दाबला, तोही दोन्ही पायांनी. एबीएस पायाखाली खडखडला, गाडी हिसका देऊन सरळ झाली आणि ट्रेलर हॉर्न वाजवत पुढे गेला. दोन-तीन सेकंदांचा खेळ. डबा खाली पडला होता. आई एक शब्द बोलली नाही. लोणावळ्याला चहाला थांबलो तेव्हा शांतपणे म्हणाली, "येताना मी ट्रेनने येईन गं."

आणि खरंच आली. डेक्कन क्वीनने, एकटी. मी रिकामी गाडी घेऊन एक्सप्रेस-वेवरून साठने परतले. ते दीड-दोन तास काय वाटलं, ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला. तिथल्या मुलाने टायरवर बोट फिरवलं आणि सांगितलं, "मॅडम, टायर ओके आहेत. एकतीस हजारच झालेत. अजून चार मिलिमीटर नक्षी आहे." नवा टायर साधारण आठ मिलिमीटरचा असतो आणि १.६ ला तो बाद होतो. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. त्या हिशोबाने माझे टायर मध्यमवयीन, धडधाकट. मी म्हटलं, पण गाडी तरंगली! तो म्हणाला, "टायरची तक्रार आमच्याकडे नाही घेत मॅडम, त्याची वॉरंटी टायर कंपनी देते." म्हणजे गाडी यांनी विकली, टायर यांनी बसवला, पण तक्रारीसाठी पत्ता वेगळा. डोक्यातच गेलं माझ्या.

मग आले बाबा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभं आयुष्य गेलेला माणूस. टॉर्च आणि वाचायचा चष्मा घेऊन पार्किंगमध्ये उकिडवे बसले आणि टायर वाचायला लागले. हो, वाचायला. टायरच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं आणि आपण जन्मात बघत नाही. माझ्या टायरवर होतं २१५/६५ आर१६ ९८एच. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि १६ इंचांची रिम. ९८ हा वजनाचा कोड, एका टायरला ७५० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. (तो कुठे गाठायचा, देवाला ठाऊक.) या सगळ्यापासून जरा दूर, एका लंबगोलात चार आकडे: ४८१९. बाबांनी टॉर्च तिथेच धरून ठेवला. "२०१९ सालचा अठ्ठेचाळिसावा आठवडा. तुझी गाडी आली कधी?"

म्हणजे गाडी माझ्या हातात आली तेव्हाच टायर वर्षाहून जुने होते. लॉकडाऊनमध्ये ते कुठल्या यार्डात उन्हात पडले असतील कोण जाणे. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, कडक होतं, आणि कडक रबराला ओला रस्ता धरता येत नाही. नक्षी किती उरली ते बोटाला कळतं, ते नाही कळत.

मग बाबांनी हवेचा गेज लावला आणि माझी खरी पंचाईत झाली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा हवी ३३. पुढच्या डाव्या चाकात निघाली २६. बाकीच्यांत २९, ३०, ३१. शेवटची कधी चेक केली होती? आठवेना. हवा कमी असली की टायर मधून दबतो, खाचांतून पाणी बाहेर फेकायची ताकद कमी होते आणि गाडी लवकर तरंगते. बाबा काही बोलले नाहीत. नुसता चष्मा काढून पुसला. कंपनीला चार शिव्या घालून झाल्यावर सांगते, त्यातल्या दोन माझ्या नावाच्या होत्या.

तरीही कंपनीने असे टायर का द्यावेत? यामागचा फंडा साधा आहे. ब्रोशरवर मायलेजचा आकडा छापायचा असतो. टायर लोळताना दबतो, परत उसळतो, त्यात इंधन वाया जातं. ते वाचवायचं तर टायर हलका हवा आणि रबर कमी ऊर्जा खाणारं हवं. ओल्या रस्त्यावरच्या पकडीला मात्र थोडं खाणारंच रबर लागतं. सिलिका वगैरे घालून दोन्ही साधता येतं, पण त्याला पैसे पडतात. चार टायरमागे वाचलेले काही रुपये गुणिले लाखभर गाड्या, असा हिशोब कुणीतरी एक्सेलमध्ये केलेला असणारच. कंपनीचा टायर दरवेळी टाकाऊ असतो असं मात्र नाही. माझ्या मैत्रिणीच्या गाडीला आलेले टायर मस्त आहेत. माझे नव्हते.

बदलायचे ठरलं, मग घरात संसदेचं अधिवेशन. नवऱ्याला हवे होते ऑल टेरेन, पांढऱ्या अक्षरांचे, जाड जाड गोट्यांचे. शिवाय एक साइज मोठे, २३५ चे, "रोडवर प्रेझेन्स येतो यार!" मी कॅल्क्युलेटर काढला. २१५/६५ चं चाक ६८६ मिलिमीटर व्यासाचं, २३५/६५ चं ७१२. जवळपास चार टक्के मोठं. म्हणजे मीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी एकशेचारने पळत असेल. चाक वळताना आत घासेल का, हा आणखी वेगळा प्रश्न. आणि ऑल टेरेन चिखलात, दगडांत छान. पण आम्ही वर्षातून चिखलात जातो किती वेळा? एकदा, तेही मुळशीच्या रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये. बाकी सगळं डांबर आणि काँक्रीट, तिथे ते आवाज करतात, डिझेल पितात आणि ओल्यात साध्या रोड टायरइतके चटकन थांबत नाहीत. ठराव नामंजूर.

मग त्याने तडजोड काढली, दोनच घेऊ, पुढे टाकू, इंजिन पुढची चाकं ओढतं ना? मलाही पटलं होतं. बाबा म्हणाले, "दोन घेतलेस तर मागे टाकायचे." आम्ही दोघंही बघतच राहिलो. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरता येते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि मग हातात काही राहत नाही. म्हणून चांगले टायर मागे. जगभर टायरवाले हेच सांगतात, आणि आपल्या नाक्यावरचा पंक्चरवाला बरोब्बर उलटं करतो.

शेवटी चारही घ्यायचे ठरले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाबांना घेऊन नाना पेठेत गेले. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "सर नाही आले?" बाबा म्हणाले, "गाडी तिची आहे, तिलाच विचारा." त्यानंतर भाषा सुधारली. मी नेटवर एक परदेशी पॅटर्न पक्का करून ठेवला होता. तो म्हणाला, मॅडम, जून २०२० पासून बाहेरच्या टायरवर सरकारचं बंधन आहे, या साइजमध्ये माल येतच नाही. मग इथेच बनणारे तीन ब्रँड समोर मांडले. युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल असतं, मायलेज, ओल्यातली पकड आणि आवाज या तिन्हींचे मार्क. आपल्याकडेही केंद्राने २०२२ मध्ये याच तीन गोष्टींचे किमान निकष काढले, पण दुकानात उभं राहून तुलना करावी असं काही हातात येत नाही. मग जुना मार्ग. मधून सरळ जाणाऱ्या रुंद खाचा किती, रबर नखाला कसं लागतं, वजनाचा कोड ९८ च्या खाली नाही ना, आणि तारीख. पहिल्या सेटची तारीख दीड वर्ष जुनी निघाली. मी परत पाठवला. दुसरा आला दोन महिन्यांपूर्वीचा. साधे, शहाणे रोड टायर, काळी अक्षरं. ९,६०० चा एक, चारांचे ३८,४००, बॅलन्सिंग-अलाइनमेंट वेगळं.

(२२ सप्टेंबर २०२५ ला टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. नवऱ्याने तत्काळ हिशोब करून सांगितलं, बरोब्बर तीन हजार वाचले असते. पांढऱ्या अक्षरांचा सूड!)

बिल झाल्यावर दुकानदार म्हणाला, जुन्यांचे सातशे-सातशे देतो. मी विचारलं, यांचं काय करता? "टॅक्सीवाले नेतात ना मॅडम, अजून नक्षी आहे." मी बाबांकडे बघितलं. बाबा रस्त्याकडे बघत होते. घरी नेऊन ते चार टायर बाल्कनीत ठेवणार होते का मी? मी अठ्ठावीसशे रुपये घेतले. तेव्हापासून पावसात एखादी टॅक्सी जोरात पुढे गेली की माझी नजर आधी तिच्या चाकांवर जाते.

नव्या टायरवर पहिले दोनेकशे किलोमीटर सांभाळून चालवा असं सांगतात, वरचा गुळगुळीत थर जायला वेळ लागतो. तेवढे केले. मिक्सर बंद झाला. मायलेज अर्ध्या किलोमीटरने पडलं, पडू दे. दर पंधरा दिवसांनी सकाळी, चाकं थंड असताना हवा चेक करते, पंपावरच्या पोऱ्याने "छत्तीस टाकू का" म्हटलं तरी ३३.

सप्टेंबरात भर पावसात मावशीकडे जायचं निघालं. आईला विचारलं, येतेस? ती खाली आली, डबा घेऊन. चारही चाकांकडे एकदा वाकून बघितलं, जणू त्यातलं तिला कळतं. मग मागे बसली, बेल्ट लावला आणि म्हणाली, "तळेगावपर्यंत येते. तिथून पुढे बघू."