निरोप दोघांचा, हार एकाला



गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका विहारात निरोपाचा कार्यक्रम झाला. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक उपासक आणि त्यांच्या पत्नी असे दोघे मिळून चौदा वर्षे तिथला रविवारचा मुलांचा वर्ग चालवत होते. वर्षावासातले तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचनही त्यांच्याकडेच असे. आता गुडघे साथ देत नाहीत, मुलगा पिंपरीला नोकरीला, म्हणून दोघे तिकडे राहायला निघाले. सगळी वस्ती त्यांना आण्णा आणि आक्का म्हणते. आम्हीही इथे तसेच म्हणतो.

कार्यक्रम झकास झाला. त्रिशरण, पंचशील, वंदना झाली. आण्णांना कोल्हापुरी फेटा बांधला, शाल दिली, हार घातला. नऊ जणांची भाषणे झाली, त्यात तिसरे आमचे. आक्का बायकांच्यात सतरंजीवर बसल्या होत्या. आभाराच्या वेळी कुणाला तरी आठवण झाली, त्यांना पुढे बोलावून साडीचे पाकीट हातात दिले, फोटो निघाला आणि त्या परत जागेवर जाऊन बसल्या.

रात्री जेवताना आमच्या घरातून प्रश्न आला, "तुमच्या भाषणात आक्कांचं नाव किती वेळा आलं?" आम्ही मनाशी मोजले. एकदाच आले होते, तेही 'आण्णांना मोलाची साथ देणाऱ्या' एवढ्या चार शब्दांत. घास घशाखाली उतरेना.

ही चूक आपल्याच वस्तीत होते असे नाही आणि आजचीही नाही. आपल्या कोल्हापुरातच तिचा एक जुना दाखला आहे. शहरात वायल्डर मेमोरियल चर्च आहे. अनेकांनी ते बाहेरून पाहिले असेल. ज्यांच्या नावाने ते आहे त्या वायल्डर पतीपत्नीची हकिगत यानिमित्ताने सांगावीशी वाटते. त्यांचा धर्म आपला नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 1935 साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, पुढे सर्व धर्मांचा विचार केला आणि 1956 साली आपल्याला तथागतांच्या मार्गावर आणले, त्यामुळे तो प्रश्न आपल्यापुरता मिटला आहे. पण आयुष्य एखाद्या कामाला वाहून घेतलेल्या जोडप्याला जग निरोप कसा देते, हे या गोष्टीत स्वच्छ दिसते.

रॉयल वायल्डर आणि एलायझा वायल्डर हे अमेरिकन जोडपे 1846 साली भारतात आले. आधी त्यांनी अहमदनगरला काम केले. याच नगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम चालवले होते आणि सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे शिक्षण त्यांच्याकडे घेतले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. 1852 साली वायल्डर पतीपत्नी कोल्हापूर संस्थानात आले. रेल्वे इथे यायला अजून कितीतरी वर्षे होती. राजर्षी शाहू महाराजांचा जन्मही व्हायचा होता, तो 1874 सालचा.

वायल्डर शाळांचे पक्षपाती होते. त्यांना पाठवणाऱ्या मंडळाच्या अमेरिकेतल्या धुरिणांना शाळांवर इतका भर पसंत नव्हता. आधी उपदेश, मग शाळा, असे त्यांचे म्हणणे. वाद वाढला आणि मंडळाशी संबंध तुटला. तरी दोघांनी कोल्हापूर सोडले नाही, स्वतंत्रपणे काम चालू ठेवले. 1870 साली प्रेस्बिटेरियन मंडळाने हे केंद्र आपल्याकडे घेतले, तोवर अशीच वर्षे काढली. मागे मंडळ नसताना परमुलखात लेकरांसह घर कसे चालले असेल, हे गिरणी बंद पडल्यावर घर चालवलेल्या आमच्या भगिनींना आम्ही काय सांगावे?

1875 साली दोघे मुलांच्या शिक्षणासाठी अमेरिकेला परतले. जुन्या चरित्रकोशात वायल्डर यांच्या कामाचा हिशेब असा दिला आहे: तीस वर्षांत त्यांनी तीन हजारांहून अधिक गावांत आणि शहरांत उपदेश केला, धार्मिक पत्रकांची तीस लाखांहून अधिक पाने वाटली, शाळांमध्ये 3,300 हून अधिक विद्यार्थी जमवले आणि त्यांत 300 मुली होत्या. आकडे मोठे आहेत. पण सगळी क्रियापदे एकट्या 'त्यांनी'ची. त्या 300 मुलींना घराबाहेर काढण्यासाठी त्यांच्या आयांशी चुलीपाशी बसून कोण बोलले असेल? त्या काळात परका गोरा पुरुष कुणाच्या माजघरात गेला नसेल, एवढे तर खरे. आमच्या विहारातही आम्ही असाच हिशेब मांडला होता: 'आण्णांनी वर्ग चालवला, आण्णांनी मुले घडवली.'

पुढची गोष्ट अधिक ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत गेल्यावर वायल्डर गप्प बसले नाहीत. 1878 साली प्रिन्स्टनहून त्यांनी मिशनच्या कामाचे एक मासिक सुरू केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली आपल्या कोल्हापुरात जन्मलेला. परदेशी सेवेला जाण्याची तयारी दाखवणाऱ्या तरुणांची जी मोठी चळवळ 1886 साली अमेरिकेत उभी राहिली, तिच्या आरंभीच्या पुढाऱ्यांत तो होता. वडिलांच्या मनात मात्र भारताची ओढ होतीच. 1887 साली, सत्तरी गाठलेले वायल्डर परत यायच्या तयारीत असतानाच न्यूयॉर्कला ऑक्टोबर महिन्यात वारले.

आणि तरीही एलायझाबाई आल्या. मुलगी ग्रेस हिला बरोबर घेऊन, नवऱ्यामागे, उतारवयात त्या पुन्हा या मुलखात कामाला आल्या. निरोप घेऊन गेलेल्या दोघांतून परत आल्या त्या बाई! त्या नुसत्या 'साथ' देत असत्या, तर साथ द्यायला माणूस उरला नव्हता, परत यायचे कारणच काय होते?

शेजारी मिरजेला डॉ. विल्यम वॅनलेस यांनी 1894 साली रुग्णालय काढले. चौतीस वर्षांनी, 1928 साली, ते निवृत्त होऊन परत गेले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. त्यांची पहिली पत्नी मेरी 1906 साली वारली होती. कोल्हापूरच्या मेरी वॅनलेस हॉस्पिटलला मेरीबाईंचे नाव आहे. आपल्यातल्या कितीजणांची बाळंतपणे तिथे झाली असतील, पण ही मेरी कोण हे विचारायचे सुचले नाही. आम्हालाही सुचले नव्हते.

आपल्या चळवळीतही पाहा. भैयासाहेब आंबेडकरांनी भारतीय बौद्ध महासभेची धुरा वाहिली, चैत्यभूमीसाठी जिवाचे रान केले. 1977 साली ते गेले. त्यानंतर महासभेचे राष्ट्रीय अध्यक्षपद मीराताईंनी सांभाळले. तोवरची वर्षे त्यांचे घर म्हणजे आल्यागेल्या कार्यकर्त्यांचे घर होते. जबाबदारी पेलण्याची ताकद एका रात्रीत अंगात येत नसते.

तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी धाडले तेव्हा, दोघांनी एका वाटेने जाऊ नका, असे सांगितले. भिक्खूंसाठी ते ठीकच. पण संसारी माणसे धम्माचे काम करतात ती बहुधा दोघे एकाच वाटेने, आणि पाय मात्र एकाचेच मोजले जातात.

असो. भाषण करून चुकलो होतो, म्हणून रविवारी आम्ही उभयता आण्णा-आक्कांच्या घरी गेलो. सामान बांधून झाले होते. आम्ही माफीचे बोलायला लागलो तशा आक्का हसल्या. म्हणाल्या, "अवो भाऊ, मला कुठं भाषान येतंय? मी आपली घरोघर जाऊन पोरं गोळा करून आणायची. शिकवायचे ते ह्येच."

आण्णा खाटेवरून म्हणाले, "पोरंच न्हाई आली तर शिकवू कुणाला? भिंतीला?"

मग आक्कांनी ट्रंकेवरची पिशवी ओढली आणि दोनशे पानी वही काढून आमच्या पुढ्यात ठेवली. आम्हाला वाटले हजेरी असेल. हजेरी होतीच, पण प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेले होते. कुणाची आई धुण्याभांड्याला जाते, तेव्हा नऊच्या आत हाक मारायची. कुणाचा बाप पितो, तर सकाळीच जायचे. कुणाला फळ्यावरचे दिसत नाही, डोळे तपासायला सांगितले. एका पोराची वर्गणी घ्यायची नाही, हे दोनदा लिहून खाली रेघ मारली होती. चार मुलींच्या नावांपुढे लाल फुली होती.

"ह्या चौघी शाळा सोडायच्या बेतात हायीत," आक्का म्हणाल्या. "त्यातल्या एकीचं तर लगीन काढलंय घरात. सोळा बी पुरी न्हाई अजून. दिवाळीपत्तूर थांबा म्हटलंय मी तिच्या आईला. आता मी चालले. कुणीतरी जायाला पायजे."

विहाराच्या किल्ल्या आण्णांनी कार्यक्रमातच, टाळ्यांच्या गजरात, कमिटीच्या ताब्यात दिल्या होत्या. या वहीचे कुणाला माहीतच नव्हते.

दोघे बुधवारी सकाळच्या गाडीने गेले. स्टँडवर पोचवायला वर्गातली वीसेक पोरे आली होती. ती सगळी आक्कांच्या खिडकीपाशी, आण्णा पलीकडच्या सीटवर डोळे पुसत.

वही सध्या आमच्या घरी आहे. वर्ग दोन तरुण शिक्षकांनी घेतला आहे, तो चालेल. पण हाका मारत हिंडायला माणूस अजून मिळालेला नाही. ज्या मुलीचे लग्न काढले आहे तिच्या घरी आम्ही उभयता शुक्रवारी जाऊन आलो. आई कामावर गेली होती. मुलगी दारातच भांडी घासत होती. तिने विचारले, "आक्कांनी पाठवलंय काय?" आम्ही हो म्हणालो. तिने आत नेऊन बसवले, चहा केला आणि आई सात वाजता येते असे सांगितले. उद्या सातला पुन्हा जाणार आहोत.