पुळणीची वाळू पुळणीवरच बरी

समुद्रावर सहलीला गेलेली मंडळी परतताना आठवण म्हणून पुष्कळदा बाटलीभर वाळू आणतात. एवढ्याने समुद्राचे काय बिघडते, असे कोणीही विचारील. समुद्राचे नव्हे, पण पुळणीचे बिघडते, असे माझे मत आहे. वाळूचा जमाखर्च मांडला की ते पटेल.

जगातील नामांकित पुळणींचे सौंदर्य त्यांच्या वाळूत असते आणि प्रत्येक वाळूचा कारखाना निराळा. मालदीवची पांढरी वाळू पाहा. पोपटमासा शेवाळाबरोबर प्रवाळही कुरतडतो. त्याची पूड विष्ठेवाटे बाहेर पडते. तेथील वाळूचा मोठा भाग असा बनतो! हवाई बेटावरील पुनालुऊची वाळू काळी. तप्त लाव्हा समुद्रात शिरताच एकाएकी थंड होऊन तडकतो व त्याचा चुरा होतो. त्याच बेटावरील पापाकोलेआची वाळू मात्र हिरवट. सुमारे ४९,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकात तयार झालेली तेथील टेकडी झिजते व तिच्यातून ऑलिव्हिन या खनिजाचे स्फटिक सुटतात. हलकी राख लाटा वाहून नेतात, जड स्फटिक मागे राहतात. खळ्यावर धान्य उफणतात, तसाच हा प्रकार. येथे नवी जमा होते ती टेकडी झिजेल तेवढीच. खर्चाला मात्र शेकडो खिसे!

इटलीतील सार्डिनियाजवळच्या बुदेल्ली बेटावर हेच घडले. फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांच्या कवचांमुळे तेथील पुळण गुलाबी दिसते. पर्यटकांनी वाळू नेली आणि रंग फिका पडू लागला. अखेर १९९४ मध्ये ती पुळण लोकांना बंद करावी लागली. आता ती दुरूनच पाहायची. २०१७ पासून सार्डिनियात वाळू नेणाऱ्यास ५०० ते ३,००० युरो दंड आहे.

मग पुळणीवर जाऊच नये काय? अवश्य जावे, पण दंडाच्या धाकापेक्षा कुतूहल अधिक उपयोगी पडते. शाळेची सहल कोकणात जाईल तेव्हा शिक्षकांनी एक बहिर्गोल भिंग व कागदात गुंडाळलेला चुंबक बरोबर न्यावा. काळसर वाळूवर चुंबक फिरवला की मॅग्नेटाइटचे कण चिकटतील. भिंगाखाली शिंपल्यांचे तुकडे व काचेसारखे क्वार्ट्झ ओळखता येईल. चित्रे काढा, नोंदी करा आणि वाळू होती तेथेच टाका. बाटलीतली वाळू कपाटात धूळ खाते. वहीतली नोंद मात्र पुढच्या वर्षीच्या वर्गालाही उपयोगी पडते.